डिशवॉशरची रॅक, पेटंट आणि आधीचे शोध: दाव्यात उरतं काय?

तारजाळी
डिशवॉशरच्या खालच्या रॅकमध्ये बसवायच्या एका जाळीचा पेटंट अर्ज करायचा आहे. जाळी आपल्या भांड्यांसाठी आहे: कानांची कढई, स्टीलची ताटं, वाट्या. रचना अशी: ४ मिमी स्टेनलेस तारेची चौकट, तिच्यावर आडवी दांडी, दांडीभोवती फिरणारी टाइन्सची (उभ्या काड्यांची) रांग आणि ती रांग तीन कोनांत अडकवणारी खाच. कच्चा मसुदा (दावा म्हणजे पेटंटात हक्क नेमका कशावर मागतो ते):

"दावा १: डिशवॉशरच्या रॅकमध्ये बसणारी जाळी, जिच्यात चौकट, चौकटीवरील दांडी व त्या दांडीभोवती फिरणाऱ्या टाइन्स आहेत, टाइन्सचा कोन बदलता येतो, आणि जी कढई, ताटं व वाट्या धुण्यासाठी आहे."

शोधल्यावर दुमडत्या टाइन्सची अमेरिकन आणि जर्मन पेटंटं ढिगाने मिळाली. बरीचशी मुदत संपलेली आहेत. मुदत संपलेलं पेटंट आडवं येतं का? कढईचा उल्लेख कुठेच नाही, तेवढं नावीन्य पुरेल का? नसेल तर दाव्यात काय घालावं?

निवांत_नागपूरकर
रुमाल टाकून ठेवतो. रॅक कशी लावायची यावर घरोघरी रोज विरोध अर्ज दाखल होतातच, आता कायद्यानेही होऊ द्या.

दावेदार
मुदत संपली की नाही याचा नावीन्याशी काडीचा संबंध नाही. इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. "मला पेटंट मिळेल का" हा एक, आणि "मी हे बनवून विकलं तर कुणी अडवेल का" हा दुसरा.

पहिल्यासाठी आधीच्या दस्तऐवजातलं सगळं वाचायचं: वर्णन, आकृत्या, "दुसऱ्या एका प्रकारात असंही करता येईल" असं जाता जाता लिहिलेलं वाक्यसुद्धा. त्याचे दावे कशावर होते हे इथे गौण. मुदत संपलेलं, फी न भरल्याने पडलेलं, अर्धवट सोडलेलं, काहीही असो. तुमच्या अर्जाच्या तारखेआधी प्रसिद्ध झालं असेल तर ते प्रायर आर्ट (आधीपासून जगापुढे असलेली माहिती). दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र फक्त जिवंत पेटंटांचे दावे बघायचे, तेही माल जिथे बनणार किंवा विकणार त्या देशातले. म्हणजे तुम्हाला मिळालेली जुनी पेटंटं विक्रीच्या वाटेतून बाजूला झाली आहेत, पण तुमच्या दाव्याच्या वाटेत ती कायमची बसली आहेत.

आता तुमचा दावा १. त्याचे तुकडे पाडा: चौकट, दांडी, फिरणाऱ्या टाइन्स, बदलता कोन. हे चारही एकाच जुन्या दस्तऐवजात मिळाले तर नावीन्य तिथेच संपलं. दोन कागद जोडायचीही गरज नाही. तुम्ही म्हणता तशी ढिगाने पेटंटं असतील तर परीक्षकाला डी१ (दाव्याविरुद्धचा पहिला जुना दस्तऐवज) शोधायला चहा निवायच्या आत जमेल.

चिकित्सक
थोडा असहमत. "कढई, ताटं व वाट्या धुण्यासाठी" हा पाचवा तुकडा तुम्ही सोडलात. युरोपातली रॅक सपाट बश्यांसाठी बनते, खोल आणि कान असलेल्या भांड्यासाठी नाही. उद्देश वेगळा असेल तर दावा वेगळा का नाही?

दावेदार
कारण दावा वस्तूवर आहे, वापरावर नाही. "अमुकसाठी" याचा अर्थ बहुतेक ठिकाणी "अमुकसाठी चालेल असं" एवढाच घेतला जातो. अमेरिकेत याचं नमुनेदार प्रकरण म्हणजे इन री श्रायबर, १९९७. अर्जदाराचा दावा पॉपकॉर्न थोडे थोडे बाहेर पडावेत अशा शंकूच्या आकाराच्या झाकणावर होता. परीक्षकाने समोर ठेवलं तेलाच्या डब्याच्या नळकांड्याचं जुनं स्विस पेटंट. त्यात पॉपकॉर्नचं नावही नव्हतं. पण तोच आकार त्या मापात पॉपकॉर्न सोडू शकतो, म्हणून नावीन्य नाही, असं फेडरल सर्किटने (तिथल्या पेटंट अपिलांच्या न्यायालयाने) ठरवलं.

जुन्या जाळीत कढई राहू शकत असेल तर "कढईसाठी" लिहून काही हाती लागत नाही. कढईमुळे जाळीच्या रचनेत जे बदलावं लागलं, ते लिहा.

उकिडवा
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. तेलाच्या डब्यातून.

मृण्मयी_के
शोध कसा घेतला ते लिहिलेलं नाही, म्हणून थोडं सविस्तर. नुसत्या शब्दांवर शोधू नका. वर्गीकरण ए४७एल १५/५० म्हणजे डिशवॉशरच्या रॅक. सीपीसीमध्ये (युरोप-अमेरिकेच्या सविस्तर वर्गीकरणात) त्याचे पोटभाग आहेत, उदाहरणार्थ १५/५०२ चमच्यांच्या टोपल्या आणि १५/५०७ रॅक बाहेर ओढायची व्यवस्था. एस्पेसनेटवर (युरोपीय पेटंट कार्यालयाच्या शोधस्थळावर) किंवा गूगल पेटंट्सवर पोटभागासकट शोधा. भारतीय अर्जांसाठी इनपासवर (आपल्या पेटंट कार्यालयाच्या शोधस्थळावर) आयपीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक, टाकायचा. तिथे १५/५० हा एकच मोठा गठ्ठा मिळतो, मग पूर्ण तपशील उघडून आकृत्या चाळाव्या लागतात.

जवळचे दोन-तीन दस्तऐवज मिळाले की त्यांनी कुणाला उद्धृत केलं आणि पुढे त्यांना कुणी केलं, दोन्ही दिशांना जा. शब्दशोधापेक्षा इथे जास्त सापडतं. जर्मन युटिलिटी मॉडेल (पेटंटाचा छोटा भाऊ) चुकवू नका. त्यांना तिथे नावीन्याची परीक्षा न होता नोंदणी मिळते, त्यामुळे अशा छोट्या यांत्रिक सुधारणा तिथे फार. संरक्षण जास्तीत जास्त १० वर्षं, पण प्रायर आर्ट म्हणून ती कायमची.

पेटंटाबाहेरचंही बघा: उत्पादकांची मॅन्युअल्स, सुट्या भागांचे कॅटलॉग, विक्रीच्या पानांवरचे फोटो. फक्त तारीख सिद्ध झाली पाहिजे. आणि आकृतीवर पट्टी ठेवून मापं काढू नका. मजकुरात मापं किंवा "प्रमाणबद्ध" असं काही नसेल, तर आकृतीवरून मिलिमीटर ठरवता येत नाहीत (अमेरिकेत होकरसन-हाल्बरस्टाट, २०००). आकृतीत भाग कसे जोडलेत हे मात्र पूर्ण धरलं जातं.

फडताळ
सगळे जर्मनीला निघालात, पण भिंतीवरचं ताटाळं कुणाला आठवलं नाही? उभ्या तारा, मध्ये ताटं, खाली वाट्यांची खोबण, पेल्यांसाठी खुंट्या. पेटंटाचा कागद नसला म्हणून काय झालं, भारतात सार्वजनिक वापरात असलेली वस्तू आहे.

चिकित्सक
ताटाळं डिशवॉशरचं क्षेत्रच नाही. पाण्याचे झोत, उष्णता, फिरता स्प्रे आर्म (पाणी उडवणारा हात), काहीच नाही त्यात.

दावेदार
फडताळ यांचा मुद्दा थट्टेवारी नेऊ नका. सार्वजनिक वापर हा आपल्या कायद्यात विरोधाचा स्वतंत्र आधार आहे, कलम २५(१)(डी). आणि क्षेत्राची कुंपणं वाटतात तेवढी उंच नसतात. इन री बिजिओमध्ये (२००४) केसांच्या ब्रशच्या दाव्याविरुद्ध दात घासायचे ब्रश चालले. ताटं उभी, सुटी आणि निथळती ठेवणं हा प्रश्न ताटाळ्याचा आणि रॅकचा एकच आहे. म्हणून शोधात ए४७एल १९/०० पण घ्या, तो भांडी निथळायच्या साधनांचा वर्ग आहे. हॉटेलांच्या मशीनमधले चौकोनी क्रेट आणि प्रयोगशाळेतली काचभांडी धुणाऱ्या यंत्रांच्या जाळ्याही बघा.

झटपट
एवढी डोकेफोड कशाला? १०% बदल केला की पेटंट लागू होत नाही. नाहीतर सरळ डिझाइन रजिस्टर करा, स्वस्त आणि लवकर.

दावेदार
१०% चा नियम कुठल्याच कायद्यात नाही. दाव्यातला प्रत्येक घटक तुमच्या मालात असेल, तर वर आणखी पन्नास गोष्टी जोडल्या तरी उल्लंघन होतं. एखादा घटक खरोखर नसेल तर सुटण्याची शक्यता आहे, तिथेही समतुल्य भागाचा वाद निघतोच.

डिझाइनचं म्हणाल तर २००० च्या कायद्याखाली १० अधिक ५ वर्षं मिळतात, पण डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाची. बांधणीचं तत्त्व किंवा यंत्राची हालचाल त्यात येत नाही, कलम २(डी) मध्ये ते स्पष्ट वगळलं आहे. तारांचा बाक बदलून तीच खाच दुसऱ्याने वापरली तर तुम्ही बघत बसणार.

फडताळ
अवांतर: तारांच्या कप्प्यांची कल्पना किती जुनी? १८५० मध्ये जोएल हॉटनचं हाताने चाक फिरवून पाणी उडवणारं लाकडी यंत्र होतं. पण इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफिन कॉक्रेन यांच्या पेटंटात, क्रमांक ३५५,१३९, २८ डिसेंबर १८८६, बश्या-कपांच्या मापाचे तारेचे कप्पे आले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ती यंत्रं होती. त्यांची कंपनी १९२६ मध्ये होबार्टकडे गेली आणि किचनएडची घरगुती डिशवॉशर त्याच वाटेवर पुढे आली. म्हणजे "भांड्याच्या मापाने कप्पा" एवढाच दावा असेल तर त्याविरुद्धचा कागद १८८६ पासून तयार आहे.

दुसरं उदाहरण सगळ्यात वरच्या चमच्यांच्या ट्रेचं. मीलेने तो १९८७ मध्ये आणला. पेटंटाची २० वर्षं धरली तर मूळ कल्पना आता सगळ्यांना मोकळी. त्या ट्रेवर नंतर झालेल्या सुधारणांची पेटंटं मात्र वेगळी तपासावी लागतात.

उकिडवा
म्हणजे तिसऱ्या मजल्याचं बांधकाम कायदेशीर, वरच्या पत्र्याच्या शेडची परवानगी वेगळी.

चिकित्सक
नावीन्य समजा कसंबसं साधलं. खरी लढाई पुढे आहे, इन्व्हेंटिव्ह स्टेपची (जाणकाराला सहज सुचणार नाही अशा भरीची). केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, २००७: जागा बदलता येणाऱ्या ॲक्सिलरेटर पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडणं. माहीत असलेले भाग, माहीत असलेल्या रीतीने जोडले आणि अपेक्षितच परिणाम मिळाला, तर ते स्वाभाविक. दुमडत्या टाइन्स एका कागदात, तीन खाचांचा अडसर दुसऱ्यात. जोडा की झालं.

आपल्याकडे तर भांड्यांचंच प्रकरण आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, निकाल डिसेंबर १९७८ चा. पेटंट होतं लेथवर भांडं दाबून धरण्याच्या साधनावर. हेडस्टॉक, टेलस्टॉक (लेथची दोन टोकं) सगळं आधीपासून माहीत होतं, भर पडली ती कारखान्यातल्या नेहमीच्या कारागिरीची, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने पेटंट अवैध ठरवलं. वर कलम ३(एफ) आहेच: आपापलं ओळखीचं काम स्वतंत्रपणे करणारे माहीत असलेले भाग नुसते एकत्र मांडले तर तो शोधच नाही.

तारजाळी
चिकित्सक, दावेदार, धन्यवाद. म्हणजे कोन बदलण्यावर अडून बसण्यात अर्थ नाही. मग कढईमुळे रचनेत नेमकं काय बदलायला हवं, हाच प्रश्न उरतो.

गंजरोधक
तारकामाच्या बाजूने लिहितो. सपाट बशीसाठी बनलेल्या टाइन्समध्ये कढई ठेवली की तीन गोष्टी बिघडतात.

एक, वजन. बशीचं वजन टाइनच्या बुंध्याशी पडतं. कढई तिरकी टेकते, तिचा भार टाइनच्या वरच्या भागावर बाजूने येतो. प्लास्टिकच्या खाचेतला अडसर गरम पाण्यात मऊ पडतो, कोन घसरतो आणि रांग आडवी होते.

दोन, कान. कढई फिरली की कान रॅकच्या तळातून खाली लोंबतो आणि खालच्या स्प्रे आर्मला अडतो. आर्म थांबला की अख्खी खालची रॅक तशीच खरकटी राहते. लोक दोष पावडरीला देतात.

तीन, छत्री. कढई पूर्ण पालथी आणि मधोमध ठेवली की खालचा झोत तिथेच अडतो. ती कडेला, तोंड मध्याकडे आणि खाली झुकलेलं अशी हवी. वाटीचं उलट आहे: पालथ्या वाटीच्या बुडाच्या खळग्यात पाणी साचतं, तिला थोडा कल लागतो.

उपाय: दांडी गोल भोकात न बसवता उभ्या लांबट खाचेत बसवा. टाइनची शेपटी दांडीच्या खाली यावी आणि चौकटीच्या दात्यांत बसावी. भार आला की दांडी खाली जाते, शेपटी दात्यात आणखी रुतते. कोन बदलायचा तर रांग ५-६ मिमी वर उचलून फिरवायची. कानासाठी तळाच्या वर एक आडवी पट्टी द्या, कान तिच्यावर टेकेल.

तारेचं म्हणाल तर कोटिंगची तार घेऊ नका. दात्यावर घासून टोकाचं कोटिंग फाटतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. उघडी स्टेनलेस बरी.

दावेदार
हे झालं कामाचं. पण सावध राहा. "वजनाने रुतणारा अडसर" आणि "कान टेकायची पट्टी" अशा दोन स्वतंत्र गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या तर कलम ३(एफ) दारात उभं आहे. उचलून फिरवायचा अडसर घडीच्या खुर्च्यांत मिळेल, पट्टी कुठल्याही जाळीत. दोन्ही एकमेकांवर अवलंबून आहेत असं रचनेतच दिसलं पाहिजे.

पट्टी चौकटीला न जोडता त्याच दांडीला जोडली तर? कान पट्टीवर टेकला की भार दांडीवर, दांडी खाली, शेपटी दात्यात. कानामुळेच कुलूप लागतं. आधीच्या कागदांत हा दुवा नसेल, आणि तो जोडण्याची सूचनाही कुठे नसेल, तर बोलायला जागा आहे. वर्णनात अडचणही लिहा: नेहमीच्या रांगेत भार अडसर सोडवतो, इथे तो अडसर घट्ट करतो. युरोपात तर सगळी तपासणीच "जवळचा कागद, त्यातून उरलेला प्रश्न, त्याचं उत्तर" अशा रांगेने होते.

मृण्मयी_के
आणि तोवर जाळीचा व्हिडिओ कुठेही टाकू नका. आपलाच रील आपल्याविरुद्ध प्रायर आर्ट होतो. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटनासाठी एक वर्षाची सवलत आहे. युरोपात तशी सर्वसाधारण सवलत नाही. भारतात कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारख्या मोजक्याच प्रसंगांना लागू होते. गृहोपयोगी वस्तूंचा नेहमीचा मेळावा त्यात बसतोच असं धरून चालू नका.

तात्पुरतं स्पेसिफिकेशन (शोधाचं लेखी वर्णन) टाकून तारीख घ्या. व्यक्तीसाठी ऑनलाइन फी १,६०० रुपये, पूर्ण स्पेसिफिकेशन १२ महिन्यांच्या आत. पण तारीख मिळते ती तात्पुरत्यात लिहिलेल्या मजकुरालाच. एका पानाचं "सुधारित जाळी" असं मोघम लिहिलंत तर लांबट खाचेला नंतरचीच तारीख मिळेल.

झटपट
आणि नंतर आणखी सुधारणा सुचली तर? तेव्हा स्वतःचंच पेटंट आडवं येणार ना?

मृण्मयी_के
अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, म्हणजे साधारण १८ महिन्यांनी, येऊ शकतं. त्यासाठी कलम ५४ खाली पेटंट ऑफ ॲडिशन (आपल्याच शोधातल्या सुधारणेचं जोड-पेटंट) आहे. मूळ शोधाच्या तुलनेत इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, एवढ्या कारणावरून ते पाडता येत नाही आणि वेगळी नूतनीकरण फीही नाही. मात्र नावीन्य लागतंच, आणि मुदत मूळ पेटंटाबरोबर संपते.

तारजाळी
नवा मसुदा:

"दावा १: डिशवॉशरच्या रॅकमध्ये बसणारी जाळी, जिच्यात चौकट, चौकटीच्या दोन टोकांच्या उभ्या लांबट खाचांत वर-खाली सरकणारी दांडी, दांडीला जोडलेली टाइन्सची रांग, जिची शेपटी दांडीच्या खाली येते, आणि चौकटीवर शेपटीसाठी दाते आहेत, जिचं वैशिष्ट्य असं की भांड्याचा कान टेकण्यासाठीची पट्टी त्याच दांडीला जोडलेली असून, पट्टीवरील भाराने दांडी खाली सरकून शेपटी दात्यात घट्ट बसते.

दावा २: पट्टी रॅकच्या तळापेक्षा वर राहते, जेणेकरून कान स्प्रे आर्मच्या मार्गात येत नाही.

दावा ३: दात्यांच्या जागा सुमारे ३ कोनांसाठी.

दावा ४: जाळी वाट्याही धरते."

गंजरोधक
दावा ४ मध्ये घोळ आहे. वाटीला कान नाही, वजनही नाही. पट्टीवर भार येणार नाही, उलट खालून येणारा झोत रांग वर ढकलेल. रांगेचं स्वतःचं वजन दाते धरून ठेवायला पुरेल एवढं हवं, नाहीतर हलका स्प्रिंग लागेल. शिवाय जड पाण्याच्या गावांत लांबट खाचेत क्षार बसतो. दांडीच्या दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर मोकळीक आणि खाचेचं खालचं टोक उघडं ठेवा, म्हणजे पाण्याबरोबर निघून जाईल.

चिकित्सक
"सुमारे ३ कोन" म्हणजे पावणेतीन का? "किमान दोन" लिहा, तीन वर्णनात दाखवा.

दावेदार
दावा ४ काढा, वाट्यांसाठी स्प्रिंगचा प्रकार वेगळा अवलंबी (दावा १ वर टेकलेला) दावा करा. खालून उघड्या खाचेचा आणखी एक. दहा दाव्यांपर्यंत जादा फी नाही, पुढे प्रत्येकी ३२० रुपये. परीक्षण अहवालात दावा १ विरुद्ध डी१ आला, तर मागे हटायला या पायऱ्या लागतील. त्या वेळी नवीन काही घालता येत नाही. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती मूळ स्पेसिफिकेशनमध्ये जे आहे तेवढ्यातच करता येते.

म्हणून स्प्रिंग, मोकळीक, उघडी खाच आणि पट्टी दांडीला वेल्ड केली की क्लिपने बसवली, हे सगळं पहिल्याच दिवशी वर्णनात हवं. खाचेच्या छेदाच्या दोन आकृत्या द्या, एक भार नसताना आणि एक कान टेकल्यावर.

निवांत_नागपूरकर
रुमाल उचलतो. वाखुसा (वाचनखूण साठवली).